फेब्रुवारीत आलेल्या मुलाचं काय?

माझी बायको न्यू जर्सीतल्या एका शहरात सरकारी शाळेत सातवी-आठवीला गणित शिकवते. माझा धाकटा भाऊ त्याच शहरातल्या एका चार्टर शाळेच्या विश्वस्त मंडळावर आहे. दिवसा कंपनीची आकडेमोड करतो, संध्याकाळी शाळेच्या बजेटची. दोघं एकमेकांना वहिनी-भावोजी म्हणतात, इथेही तेच ठेवलं आहे. मी चहा केला आणि अधूनमधून तोंड घातलं. ते कंसात आहे.

ज्यांना चार्टर शाळा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पैसा सरकारचा, फी नाही, प्रवेश परीक्षा नाही. शाळा मात्र गावचं शिक्षण मंडळ चालवत नाही, एखादी स्वतंत्र संस्था चालवते. तिला ठरावीक वर्षांचा परवाना मिळतो. न्यू जर्सीत तो आधी चार वर्षांचा आणि नूतनीकरणानंतर पाच वर्षांचा असतो. नियमांत सवलत घ्या, निकाल दाखवा, नाही दाखवलात तर शाळा बंद, असा हा करार. पहिला कायदा मिनेसोटाने १९९१ मध्ये केला आणि पहिली शाळा पुढच्याच वर्षी सेंट पॉलमध्ये उघडली. आज देशभरात सुमारे ३७ लाख मुलं अशा शाळांत आहेत. सरकारी खर्चाने शिकणाऱ्या शंभर मुलांमागे सात-आठ.

भावोजी: वहिनी, तुमच्या स्टाफरूममध्ये चार्टरचं नाव काढलं की सगळ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. पण ही कल्पना लोकांपुढे मांडली कुणी? अल्बर्ट शँकर यांनी, १९८८ साली. कोण होते ते? अमेरिकन फेडरेशन ऑफ टीचर्सचे अध्यक्ष. तुमच्याच गोटातला माणूस!

वहिनी: अर्धीच गोष्ट सांगताय. शँकर म्हणत होते, शिक्षकांच्या एखाद्या गटाला मोकळीक द्या. त्यांनी प्रयोग करावेत आणि जमेल ते बाकीच्या शाळांना शिकवावं. पाच-सहा वर्षांतच त्यांचा भ्रमनिरास झाला, कारण नफेखोर कंपन्या आत शिरल्या. बरं, तुमच्या शाळेत शिक्षक संघटना आहे?

भावोजी: नाही.

वहिनी: मग शँकरना राहू द्या तिकडे.

भावोजी: ठीक. शँकर सोडले. आपल्या लोकांचं बघू. तुम्ही-आम्ही या देशात आल्यावर घर घेताना पहिलं काय बघितलं? शाळेचं रेटिंग. एडिसन, वेस्ट विंडसर, मिलबर्न, सगळीकडे आपले लोक का जाऊन बसले? इथे शाळा पत्त्यावरून ठरते म्हणून. म्हणजे ते शाळा विकतच घेतात, फक्त पावती घराच्या हप्त्यावर फाटते. त्यांना कुणी म्हणत नाही की तुम्ही सरकारी व्यवस्था पोखरताय. आणि दोन नोकऱ्या करणाऱ्या, भाड्याच्या घरातल्या बाईने चार्टरचा फॉर्म भरला की ती गुन्हेगार?

*(हा मुद्दा मला कधीच खोडता आलेला नाही. बायकोलाही नाही. ती असल्या वेळी दुसरीकडून येते.)*

वहिनी: त्या बाईला मी कशाला बोलू? तिच्या जागी मी असते तर मीही फॉर्म भरला असता. मी विचारतेय ते तुमच्या शाळेला. जागांपेक्षा अर्ज जास्त आले की सोडत काढता, पण त्या सोडतीत नाव कोण घालतं? जिला तारीख माहीत आहे, जिच्याकडे जन्माचा दाखला आणि घराच्या पत्त्याचा पुरावा तयार आहे, ती. जिचा पत्ताच दर सहा महिन्यांनी बदलतो तिचं मूल माझ्याकडे येतं. मग वर्षाच्या शेवटी दोन्ही शाळांचे निकाल शेजारी-शेजारी छापायचे!

भावोजी: याचं उत्तर बॉस्टनने दिलंय. जोशुआ अँग्रिस्ट, पराग पाठक आणि त्यांचे सहकारी. अँग्रिस्टना पुढे अर्थशास्त्राचं नोबेलही मिळालं. त्यांनी काय केलं, चार्टरची मुलं आणि सरकारीतली मुलं अशी तुलनाच केली नाही. सोडतीत नंबर लागलेली मुलं एका बाजूला आणि नंबर न लागलेली दुसऱ्या बाजूला. फॉर्म दोघांच्याही आयांनी भरलेला. हौस तीच, धडपड तीच, फरक फक्त नशिबाचा. तरी जिंकलेल्या मुलांचं गणित खूपच पुढे गेलं. भाषाही सुधारली. आणि ही मुलं बहुतेक गरीब घरची, काळी किंवा लॅटिनो. आता बोला.

वहिनी: बोलते की. तो अभ्यास चोख आहे, मी नाकारत नाही. पण तो सांगतो बॉस्टनबद्दल. तिथे परवाना राज्याचं मंडळ देतं, मोजके देतं, आणि निकाल लागला नाही तर परत घेतं. देशभराचं चित्र काय आहे? स्टॅनफर्डच्या क्रेडो संस्थेने २००९ मध्ये पाहणी केली. गणितात जवळच्या सरकारी शाळांपेक्षा सरस ठरलेल्या चार्टर शाळा १७ टक्के. वाईट ठरलेल्या ३७ टक्के. बाकीच्या तशाच.

भावोजी: आणि त्याच क्रेडोचा २०२३ चा अहवाल? चार्टरची मुलं वाचनात सोळा दिवसांनी पुढे, गणितात सहा दिवसांनी.

वहिनी: सहा दिवस! अहो, आमच्याकडे बर्फ पडला तर तेवढी सुट्टी होते.

*(‘शिकण्याचे दिवस’ हे माप संशोधकांनी लोकांना कळावं म्हणून काढलं आणि त्याने गोंधळच जास्त झाला. पण एक गोष्ट दोघांच्याही बोलण्यातून सुटत होती. ही देशाची सरासरी आहे. तिच्यात बॉस्टनची शाळा आहे आणि संगणकावरच भरणारी ऑनलाइन चार्टरही आहे. क्रेडोच्याच २०१५ च्या अभ्यासात ऑनलाइन चार्टरची मुलं गणितात १८० दिवसांनी मागे दिसली. म्हणजे जवळजवळ अख्खं शैक्षणिक वर्ष. या दोन्हींची सरासरी काढून हाती काय येणार?)*

भावोजी: ऑनलाइनवाल्यांचं समर्थन मी करत नाही. आमची शाळा विटा-सिमेंटची आहे. दिवस मोठा असतो, संध्याकाळी शिकवणी असते, शनिवारी गरज असेल त्याला बोलावतो. शिक्षक आपला फोन नंबर मुलांना देतात. तुमच्या करारात बसतं का हे?

वहिनी: नाही बसत. म्हणून तुमच्याकडे पंचविशीतली मुलं शिक्षक म्हणून येतात आणि दोन-तीन वर्षांत दमून जातात. मी या शाळेत एवढी वर्षं आहे, माझ्या विद्यार्थ्यांची मुलं आता सहावीत येताहेत. पण ते राहू दे. मला तुम्हाला मागच्या वर्षीच्या एका मुलाची गोष्ट सांगायचीय.

भावोजी: सांगा.

वहिनी: फेब्रुवारीत आला. एका चार्टरमधून, तुमच्या नव्हे. अंगात अजून त्या शाळेचाच मरून शर्ट. फाइल यायला तीन आठवडे लागले. त्याच्यासाठी विशेष शिक्षणाचा आराखडा केलेला होता, तो मला महिन्याने कळला. पहिले काही दिवस तो दोन बोटं एकमेकांवर चढवून हात वर करायचा आणि तसाच बसून राहायचा. मला काही कळेना. शेवटी शेजारची मुलगी म्हणाली, मिस, त्याला बाथरूमला जायचंय, त्यांच्या शाळेत तोंडाने विचारायचं नसतं. अपूर्णांक माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांपेक्षा चांगले करायचा. एका जागी बसवत मात्र नव्हतं.

भावोजी: त्याला काढून टाकलं होतं का?

वहिनी: तेच तर. कुणी काढलं नाही! सकाळी अकराला आईला फोन. येऊन घेऊन जा, आज त्याचा दिवस बरा नाहीये. आई गोदामात शिफ्टवर. आठवड्यात दोनदा, कधी तीनदा. शेवटी तिनेच त्याचं नाव काढलं. कागदावर काय राहतं? ‘पालकांनी स्वेच्छेने शाळा बदलली.’ तुमच्या त्या परवान्याच्या अहवालात हा मुलगा कुठल्या रकान्यात दिसतो, सांगा.

भावोजी: एका शाळेवरून सगळ्यांना...

वहिनी: न्यूयॉर्कची सक्सेस अकॅडमी घ्या. निकाल डोळे दिपवणारे, श्रीमंत उपनगरांना मागे टाकणारे. तिच्या ब्रुकलिनच्या एका शाळेत सोळा मुलांच्या नावांची यादी केलेली निघाली. मथळा ‘गॉट टू गो’. म्हणजे यांना घालवायचंच. २०१५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने छापलं. संस्था म्हणाली, ती एका मुख्याध्यापकाची चूक होती, त्याला समज दिली. बरं, मानलं. पण चौथीनंतर नवीन मूल घ्यायचंच नाही हा तर तेव्हा त्यांचा उघड नियम होता. गेलेल्याची जागा रिकामी राहायची, वर्ग लहान होत जायचा, उरायची ती टिकलेली मुलं. आणि माझ्या वर्गात फेब्रुवारीत येतो, एप्रिलमध्येही येतो. नाही म्हणायचा मला अधिकार नाही. असावा असंही मी म्हणत नाही. पण तो नियम दोघांनाही लावा, आणि मग करू तुलना.

*(इथे भाऊ गप्प झाला. मी चहा ओतला. माझ्या मते सगळ्या वादाची नस इथे आहे. शाळा चांगली की वाईट, हा प्रश्न विचारणं सोपं आहे. कुणीच न घेतलेलं मूल शेवटी कुणाच्या दारात उभं राहणार आणि त्या दाराला पैसे कोण पुरवणार, हा प्रश्न कायदा करताना बहुतेक राज्यांनी विचारलाच नाही.)*

भावोजी: पैशाचं बोलताय म्हणून सांगतो. आम्हाला गावच्या शाळा-जिल्ह्याकडून त्यांच्या मुलामागच्या खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंतच मिळतात. इमारत आम्हीच बघायची. आमची शाळा एका जुन्या चर्चच्या शाळेच्या जागेत भाड्याने आहे. पावसाळी दिवशी जिममध्ये बादल्या ठेवतो. कमी पैशात जास्त काम करतोय, आणि ऐकून कोण घेतंय? आम्हीच. मूल तुमच्याकडे नाही तर त्याचा पैसा तुमच्याकडे का राहावा?

वहिनी: कारण तीस मुलं गेली म्हणजे एक वर्ग जात नाही, भावोजी. पहिलीतून चार जातात, तिसरीतून तीन, सातवीतून पाच. वर्ग तेवढेच, शिक्षक तेवढेच, बॉयलर तेवढाच जळतो. पैसा मात्र तीस मुलांचा गेला. मग जातो कोण? ग्रंथपाल, संगीताची बाई, समुपदेशक. ते कमी झाले की आणखी पालक फॉर्म भरतात.

भावोजी: अण्णांच्या शाळेत हेच नव्हतं का? पट कमी झाला की संचमान्यतेत पद उडायचं, माणूस अतिरिक्त.

*(अण्णा म्हणजे आमचे वडील. सातारा जिल्ह्यात एका अनुदानित हायस्कुलात शिक्षक होते.)*

भावोजी: खरं तर मला नेहमी वाटतं, महाराष्ट्राने चार्टर शाळा अमेरिकेच्या कितीतरी आधी काढल्या. पगार सरकारचा, कारभार संस्थेचा. रयत घ्या, डेक्कन एज्युकेशन घ्या. संस्थेने चालवली म्हणून खेड्यातली शाळा वाईट झाली का? उलट सरकार जिथे पोहोचलं नव्हतं तिथे कर्मवीर पोहोचले.

वहिनी: कर्मवीरांनी चालू शाळेच्या शेजारी शाळा काढली नाही, जिथे नव्हतीच तिथे काढली. आणि अण्णांच्या पाठीशी १९७७ चा खासगी शाळा कर्मचाऱ्यांचा कायदा होता. संस्थेच्या चिटणिसाशी त्यांचं कडाक्याचं वाजलं, आठवतं ना? तरी नोकरी टिकली. तुमच्या शिक्षकाचा करार वर्षावर्षाचा. तो तुमच्या मंडळासमोर तोंड उघडेल?

भावोजी: अण्णांची टिकली, तशी वर्गावर न जाणाऱ्या त्यांच्या शेजाऱ्याचीही टिकली. हे सांगायला अण्णाच पहिले असत.

वहिनी: असत. खरंय.

भावोजी: झालं तर मग.

वहिनी: झालं काय? संस्था, सरकारी पैसा आणि पट, हे तिन्ही एकत्र आले आणि बघणारं कुणी नसलं की काय होतं तेही आपण बघितलंय. २०११ ची पटपडताळणी. मुलांच्या बोटांना शाई लावून मोजली, कारण मोजणी पुढच्या शाळेत पोहोचेपर्यंत तीच मुलं तिथे बसलेली असायची. ओहायोमध्ये ‘इकॉट’ नावाची ऑनलाइन चार्टर होती, तिथे शाई लावायला बोटंच नव्हती. १५,३०० मुलं दाखवून पैसे घेतले. राज्याने लॉग-इन तपासले तर पूर्णवेळ शिकत असल्याचा पुरावा निघाला सुमारे ६,३०० जणांचा. संस्थापकाच्याच कंपन्या शाळेला सॉफ्टवेअर आणि व्यवस्थापन विकत होत्या. पैसे परत मागितले, दोन वर्षांचे मिळून आठ कोटी डॉलरच्या आसपास. मग जानेवारी २०१८ मध्ये, वर्षाच्या मध्यात, शाळा बंद. बारा हजार मुलं दुसरी शाळा शोधत फिरली.

भावोजी: बंद झाली हे तर बघा! तुमची सरकारी शाळा तीस वर्षं नापास होत राहिली तरी बंद होत नाही. परवाना रद्द होतो, हीच तर चार्टरची ताकद.

वहिनी: इकॉट सुरू झाली २००० साली. अठरा वर्षं लागली तुमच्या ताकदीला.

*(हे तिचं वाक्य मला आवडलं, पण ते पुरतं न्याय्य नाही. चार्टरचं बरंवाईट मुख्यत: परवाना देणाऱ्याच्या हातात असतं. मॅसॅच्युसेट्सचा हात आखडता होता आणि तिथल्या मतदारांना तो तसाच हवा होता. २०१६ मध्ये चार्टर शाळांच्या संख्येवरची मर्यादा वाढवण्याचा प्रस्ताव त्यांनी ६२ टक्के मतांनी फेटाळला, बॉस्टनचे उत्तम निकाल समोर असून. ओहायोचा हात सैल होता. ‘चार्टर’ हे नाव दोन्हीकडे एकच.)*

भावोजी: मग न्यू ऑर्लिन्सला चला. तिथे सगळंच चार्टर झालं.

वहिनी: चला. मला तेच हवंय.

भावोजी: कतरिना वादळाआधी तिथल्या शाळांची अवस्था काय होती? बारावी पूर्ण करणारी मुलं ५४ टक्के. भ्रष्टाचार इतका की तपासासाठी एफबीआयचे लोक मंडळाच्या कचेरीत बसलेले. २००५ मध्ये वादळ आलं, राज्याने बहुतेक शाळा ताब्यात घेतल्या आणि एकेक करून चार्टरला दिल्या. दहा वर्षांत तोच आकडा सत्तरच्या पुढे. टुलेन विद्यापीठाचे डग्लस हॅरिस अनेक वर्षं हे मोजताहेत. गुण वाढले, कॉलेजात जाणारे वाढले. अमेरिकेत एवढ्या कमी काळात एवढी सुधारणा दुसऱ्या कुठल्या शहराने दाखवली?

वहिनी: आणि सात हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांना एका फटक्यात काढलं. घरं वाहून गेलेली, वर नोकरी गेली. वादळाआधी शहरात दर शंभर शिक्षकांत ७१ काळे होते, २०१४ पर्यंत ४९ राहिले. ती नुसती नोकरदार माणसं नव्हती, त्या वस्त्यांमधला मध्यमवर्ग होता तो. ते तुमच्या निकालपत्रकात नाही.

भावोजी: नाही. पण मुलं आहेत.

वहिनी: मुलांबद्दलच विचारते. परत पाठवायला सरकारी शाळाच उरली नाही, तेव्हा त्यांनी काय केलं?

भावोजी: ...एकच प्रवेशपद्धत केली. २०१२ मध्ये. सगळ्या शहराचा एक अर्ज, एक संगणक.

वहिनी: आणि?

भावोजी: काढून टाकायचं असेल तर शाळेने परस्पर काढायचं नाही. मध्यवर्ती सुनावणी.

वहिनी: तेही कसं झालं? अपंग आणि विशेष गरजा असलेल्या मुलांना शाळा घेत नव्हत्या म्हणून पालक २०१० मध्ये कोर्टात गेले होते. म्हणजे फेब्रुवारीतलं मूल ढकलायला दुसरं दार नाही म्हटल्यावर तुमच्या स्वतंत्र शाळांना पुन्हा एक शिक्षण मंडळ लागलं! २०१८ मध्ये शाळा स्थानिक मंडळाकडे परत आल्या. आणि २०२४ मध्ये एका नापास चार्टरच्या जागी मंडळाने स्वत:ची शाळा उघडली, लिआ चेस यांच्या नावाची.

भावोजी: याला मी पराभव म्हणत नाही. याला मी दुरुस्ती म्हणतो. शाळा स्वतंत्र, दरवाजा मात्र सगळ्यांचा एक. मला ही व्यवस्था मान्य आहे, वहिनी. तुम्हाला आहे का?

वहिनी: दरवाजा एक असेल आणि हिशेब उघडा असेल तर... विचार करीन. पण आधी तुम्ही सरकारी आहात की खासगी ते ठरवा. पैसे घेताना सरकारी, माहिती मागितली की खासगी. ओक्लाहोमात तर चर्चला चार्टर हवी होती. राज्याच्या कोर्टाने सांगितलं, चार्टर सरकारी आहे, धर्म शिकवता येणार नाही. वर सुप्रीम कोर्टात २०२५ च्या मेमध्ये चार विरुद्ध चार झाले, म्हणून तेवढ्यावर टिकलं. उद्या नववा माणूस बसला तर?

भावोजी: माझ्या शाळेत कुणी प्रार्थना म्हणत नाही हो. उगाच कुठलं कुठे नेऊ नका.

वहिनी: बरं, तुमच्याच शाळेचं सांगा. मूल गेलं की जागा भरता?

भावोजी: पाचवीपर्यंत प्रतीक्षायादीतून भरतो. सहावीपासून नाही. मधे आलेलं मूल मागे असतं, त्याला आमची पद्धत माहीत नसते, वर्ग विस्कटतो.

वहिनी: माझा नाही विस्कटत?

भावोजी: विस्कटतो. मी म्हटलं का नाही विस्कटत? ...पुढच्या वर्षी आमचं नूतनीकरण आहे. अर्जात मी एक कलम सुचवतो. सहावी-सातवीतली रिकामी जागा वर्षभरात केव्हाही भरायची, आधी जिल्ह्याच्या शाळांतून येणाऱ्या मुलांनी. आणि मधे सोडून गेलेल्या प्रत्येक मुलाचं कारण मंडळासमोर वाचून दाखवायचं, अकरा वाजताच्या फोनांसकट. मुख्याध्यापिका ओरडेल, गुण घसरतील म्हणेल.

वहिनी: घसरतील.

भावोजी: मग नूतनीकरणाला आलेला अधिकारी ते घसरलेले गुण बघून परवाना काढून घेईल. तेव्हा तुम्ही साक्षीला येणार का?

वहिनी: आठवीसुद्धा घाला त्या कलमात, मग येईन.

भावोजी: आठवीत राज्याच्या परीक्षा असतात.

वहिनी: आमच्याही आठवीत असतात.